बास गिटारच्या नेकमध्ये स्क्रू तुटलाय? पोलाद नका कापू, लाकूड कापा

नेक बॉडीला आवळताना किंवा ट्यूनिंगची चावी बदलताना स्क्रू ड्रायव्हर अचानक हलका फिरायला लागतो आणि स्क्रूचं डोकं हातात येतं. उरलेला तुकडा लाकडात. मग आपण सगळेच जे करतो ते होतं. फोन काढायचा, ‘तुटलेला स्क्रू कसा काढायचा’ असं शोधायचं आणि पहिला व्हिडिओ लावायचा. त्यात एक माणूस तुटलेल्या बोल्टच्या मधोमध भोक पाडतो, त्यात उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर घालतो आणि दोन मिनिटांत बोल्ट बाहेर काढतो.

व्हिडिओ खोटा नसतो. फक्त तो बाइकच्या इंजिनाचा असतो. तीच पद्धत गिटारच्या नेकवर वापरली तर बहुतेक वेळा तुकडा आतच राहतो आणि शेजारच्या लाकडाची मात्र वाट लागते. असं का होतं आणि मग करायचं काय, हे या लेखात टप्प्याटप्प्याने बघू.

मी हिंदमाताजवळ राहतो. आमच्या इमारतीतला एक कॉलेजचा मुलगा गणपतीत ऑर्केस्ट्रामध्ये बास वाजवतो. त्याने साठवलेल्या पैशांतून सेकंडहँड बास घेतली होती. आधीच्या मालकाच्या हातून तिचे दोन स्क्रू तुटले होते: एक नेक धरणारा मोठा, लाकडाच्या बरोबरीने तुटलेला, दुसरा चावीचा छोटा, चारेक मिलिमीटर वर राहिलेला. मोठ्या स्क्रूच्या जागी नुसतं डोकं चिकटवून ठेवलेलं, त्यामुळे घेताना कळलंही नाही. गणपतीच्या सुपाऱ्या तोंडावर होत्या आणि नवा नेक घ्यायचा तर जवळजवळ बासच्याच किमतीचा पडला असता. या लेखातली मापं त्याच बासवरची आहेत. तुमची थोडी वेगळी असतील, म्हणून प्रत्येक वेळी स्वतः मोजा.

हे स्क्रू करतात काय?

१९५१ मध्ये लिओ फेंडर यांच्या कंपनीने प्रिसिजन बास बाजारात आणली. तिचा नेक डिंकाने चिकटवलेला नव्हता, स्क्रूने आवळलेला होता. नेक खराब झाला तर तो काढून दुसरा लावता यावा, हा त्यामागचा सरळ हिशोब. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बास याच पद्धतीने बनतात. मागच्या बाजूला धातूची चौकोनी पट्टी आणि त्यात चार स्क्रू दिसले, तर तुमची बासही त्यातलीच.

हे स्क्रू साधारण ४५ मिलिमीटर लांब आणि आट्यांसकट ४ मिलिमीटरच्या आसपास जाड असतात. त्यातली बरीचशी लांबी बॉडीतून जाते आणि शेवटचे १५ ते १८ मिलिमीटर नेकच्या लाकडात रुततात. चार तारा सुरात लावल्या की त्यांचा मिळून ओढा सुमारे ८० किलोपर्यंत जातो. एक मोठा माणूस सतत नेकला लटकलाय असं समजा. या ओढ्याखाली नेकला जागेवर धरून ठेवतात ते त्या चार स्क्रूंचे १५ मिलिमीटर आटे.

‘तीन स्क्रूंवर नाही का चालणार?’ हा प्रश्न त्या मुलानेही विचारला. १९७० च्या दशकात फेंडरने काही मॉडेलना तीनच बोल्ट दिले होते, हे खरं. पण त्यांची जागा आणि रचना त्या हिशोबाने केलेली होती. चारच्या रचनेतला एक गेला की त्या कोपऱ्यात नेक किंचित उचलला जाऊ शकतो, आणि मग सूर टिकत नाही.

चाव्यांचे स्क्रू वेगळे. ते अडीच-तीन मिलिमीटर जाडीचे आणि जेमतेम १०-१५ मिलिमीटर लांब. जुन्या पद्धतीच्या चाव्यांना प्रत्येकी चार, म्हणजे एका बासला असे १६ स्क्रू. तुटण्यात हेच सगळ्यात पुढे.

स्क्रू तुटतो का?

लोक म्हणतात, ‘स्क्रूच हलका होता.’ तो हलका असेलही, पण खरं कारण बहुतेक वेळा भोक असतं. नेक सहसा मॅपलचा असतो आणि हे लाकूड चांगलंच कडक आहे. स्क्रूच्या आधी पाडलेलं भोक बारीक असेल तर स्क्रूला लाकूड बाजूला सारत जावं लागतं. मॅपल हटत नाही. वरून आपण जोर वाढवत जातो, आणि शेवटी जे आधी हरतं ते तुटतं.

छोटा स्क्रू आधी का हरतो, त्याचं गणित सोपं आहे. पिळाला किती दाद द्यायची हे स्क्रूच्या गाभ्याच्या जाडीवर ठरतं, आणि ते जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतं. गाभा म्हणजे आटे सोडून उरणारा मधला दांडा. गाभा ३ मिलिमीटर असेल तर ३ × ३ × ३ म्हणजे २७. २ मिलिमीटर असेल तर फक्त ८. जाडीत फरक एका मिलिमीटरचा, पण पिळ सोसायची ताकद तिपटीहून जास्त वेगळी. हाताचा जोर मात्र आपण दोन्हीकडे सारखाच लावतो.

दुसरं कारण आपली हवा. हिंदमाता सखल भाग, पावसात इथे पाणी तुंबतं हे सगळ्या मुंबईला माहीत आहे. त्यासाठी महापालिकेने दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या आहेत. पण टाकी रस्त्यावरचं पाणी घेते, घरातला दमटपणा नाही. जून ते सप्टेंबर लाकूड ओल शोषतं आणि फुगतं, हिवाळ्यात पुन्हा आकसतं. स्क्रूवरचा मुलामा पातळ असेल तर आत गंज धरतो. गंज खरखरीत असतो, तो लाकडाच्या धाग्यांत घट्ट बसतो. असा स्क्रू दोन-तीन पावसाळ्यांनंतर झटक्यात उघडायला गेलं की मान टाकतो.

तिसरं कारण, स्क्रू कोरडा घालणं. यावर उपाय एका मेणबत्तीचा आहे. तो शेवटी येईल.

व्हिडिओतली युक्ती इथे का फसते?

बाइकच्या इंजिनात बोल्ट धातूत अडकलेला असतो. ड्रिलच्या बिटाभोवती सगळीकडे धातूच असतो, त्यामुळे बिट मध्यावर टिकतं. नेकमध्ये परिस्थिती उलटी आहे. मधोमध ३ मिलिमीटरचा पोलादी गाभा, त्याचं तोंड तुटल्यामुळे वेडंवाकडं, आणि चहूबाजूंनी लाकूड. मॅपल कितीही कडक असलं तरी पोलादापुढे ते लोणीच. बिट नेहमी मऊ बाजूला सरकतं. पोलादाच्या मध्यावर सुरू केलेलं भोक काही सेकंदांत शेजारच्या लाकडात उतरतं.

समजा, बिट मध्यावर टिकलं. तरी ३ मिलिमीटरच्या गाभ्यात दीड मिलिमीटरचं भोक पाडायचं आणि त्यात तेवढाच बारीक एक्स्ट्रॅक्टर पिळायचा, म्हणजे नवा धोका. एक्स्ट्रॅक्टर कडक पोलादाचा असतो आणि कडक म्हणजे ठिसूळ. तो आत तुटला तर साध्या बिटाने त्याच्यावर ओरखडासुद्धा उमटत नाही. आधी एक तुकडा होता, आता दोन.

म्हणून पोलादाला हात न लावता त्याच्या भोवतीचं लाकूड कापून काढायचं. लाकूड कापणं सोपं आहे आणि ते परत भरता येतं. गिटार दुरुस्त करणारे कारागीर हेच करतात.

आधी मोजमाप, आणि इथे फोन खरंच कामाचा

तारा सैल करून काढा, मग नेक बॉडीपासून वेगळा करा. नेक जाड टॉवेलवर ठेवा. आता चार गोष्टी करायच्या.

पहिली, फोटो. तुटलेल्या जागेवर दुसऱ्या फोनचा टॉर्च अगदी आडवा धरा, वरून नको. आडव्या प्रकाशात तुकड्याची कड, लाकडातली चीर, जुन्या बिटाचे ओरखडे सगळं सावलीसकट दिसतं. कॅमेऱ्यात मॅक्रो नसेल तर जरा लांबून दुप्पट झूम करा. फोन फार जवळ नेला की फोकस सुटतो.

दुसरी, लांबी. न तुटलेला स्क्रू आणि डोक्याकडचा तुटका भाग पट्टीशेजारी ठेवून मोजा. आमच्याकडे पूर्ण स्क्रू ४५ मिलिमीटर आणि तुटका भाग ३० मिलिमीटर भरला, म्हणजे आत १५ मिलिमीटर. हा आकडा लिहून ठेवा, पुढचं सगळं त्यावर चालतं. फोनमधल्या कॅमेऱ्याने मोजणाऱ्या ॲपवर इथे विसंबू नका. ती खोलीची लांबी मोजायला ठीक आहेत, मिलिमीटर मोजायला साधी पट्टीच बरी.

तिसरी, नेकची जाडी. बॉडीत बसणाऱ्या टोकाला नेक फ्रेटबोर्डसकट साधारण २५ मिलिमीटर जाड असतो. त्यातून १५ वजा केले तर १० उरतात. या १० मिलिमीटरच्या पलीकडे फ्रेटबोर्डचा पृष्ठभाग आहे. बिट तिथून बाहेर आलं तर नेक गेलाच म्हणायचं.

चौथी गोष्ट गमतीची आहे. तुकडा रंगाखाली किंवा जुन्या भुशाच्या लेपाखाली लपला असेल तर फोनमधला होकायंत्राचा सेन्सर वापरून बघता येतो. जर्मनीत आखेनच्या तांत्रिक विद्यापीठात बनलेलं फायफॉक्स हे मोफत ॲप या सेन्सरचे आकडे थेट दाखवतं. मुंबईत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आकडा ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास येतो. जवळ पोलाद आलं की तो हलतो. पण याची मर्यादाही आहे. नेकच्या मधून जाणारा ट्रस रॉड पोलादाचाच असल्यामुळे तोही आकडा हलवतो, आणि पितळी किंवा स्टेनलेस स्क्रू बहुतेक वेळा सापडतच नाही. नेमकी जागा शोधायला दोऱ्याला बांधलेलं छोटं चुंबक जास्त खात्रीचं. ते पोलादाच्या वर आलं की दोरा तिरका होतो.

तुकडा वर डोकावत असेल तर

तीन-चार मिलिमीटर जरी वर असेल तरी तुम्ही नशीबवान. चावीचा छोटा स्क्रू आम्ही असाच काढला.

आधी सोल्डरिंग आयर्नचं टोक तुकड्यावर २०-३० सेकंद टेकवा. पोलाद तापतं, आतला रंग, लाखेचा थर किंवा जुना डिंक मऊ पडतो आणि भोवतीची ओल थोडी उडते. आयर्न लाकडाच्या पॉलिशला लागू देऊ नका, फोड येतो. भोवती पुठ्ठ्याचा तुकडा भोक पाडून ठेवला तर बरं. मग पूर्ण थंड होऊ द्या.

आता लॉक होणारी पक्कड घ्या, जी एकदा आवळली की सुटत नाही. साधी पक्कड घसरते आणि तुकड्याचे कोपरे झिजवते. घट्ट धरून घड्याळाच्या उलट दिशेला पाव फेरा फिरवा, मग थोडं परत, मग पुन्हा पाव फेरा. एका दमात ओढायचं नाही. पहिले दोन फेरे जड जातात, नंतर सुटतो.

एक सावधगिरी. हिंदमाताच्या कापड बाजारामुळे आमच्याकडे घरोघरी शिलाई मशीनचं तेल असतं, आणि कुणीतरी ते हमखास पुढे करतं. नको. तेल लाकडात जिरतं आणि मग तिथे डिंक धरत नाही. गंज सोडवणारा स्प्रेसुद्धा याच कारणाने नको.

तुकडा आत असेल तर पोकळ नळी

मोठ्या स्क्रूसाठी हीच पद्धत. एका पोकळ नळीच्या तोंडाला दात पाडायचे आणि ती तुकड्याभोवती फिरवून लाकडात उतरवायची. तुकडा नळीच्या आत राहतो, नळी फक्त लाकूड कापते.

अशा तयार नळ्या पोकळ स्क्रू एक्स्ट्रॅक्टर म्हणून मिळतात. नाही मिळाल्या तर स्प्रिंग पिन घ्या. ही मशीनमध्ये वापरतात ती, लांबीभर चीर असलेली पोलादी पोकळ पिन. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर, जिथे हत्यारं आणि नट-बोल्टची दुकानं ओळीने आहेत, तिथे ही सहज मिळते.

माप निवडताना आतलं छिद्र बघा. ते स्क्रूच्या आट्यांपेक्षा किंचित मोठं हवं. ४ मिलिमीटरच्या नेक स्क्रूला ८ मिलिमीटरची पिन लागते, कारण तिचं आतलं छिद्र ५ च्या आसपास असतं. चावीच्या छोट्या स्क्रूला ५ मिलिमीटरची पुरते. विकत घेताना तुटका स्क्रू खिशात ठेवा आणि दुकानातच पिनमध्ये घालून बघा.

पिनच्या तोंडाला त्रिकोणी कानशीने चार-सहा खाचा पाडा. पिन कडक असते, वेळ लागेल. छोट्या ग्राइंडरची पातळ चकती असेल तर लवकर होतं. दातांचा उतार असा ठेवा की नळी उलटी, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध फिरताना कापेल. कारण मध्येच दातांनी स्क्रूला पकडलं तर तो उलटा फिरून सुटायलाच मदत होते. सरळ फिरवली तर तो अजून आत जाईल.

नळीला मधे टोक नसतं, म्हणून सुरुवातीला ती लाकडावर नाचते. त्यासाठी गाइड हवा. कडक लाकडाच्या किंवा जाड प्लायच्या ठोकळ्यात नळीच्या बाहेरच्या मापाचं सरळ भोक पाडा. ते भोक बरोबर तुटक्या स्क्रूवर येईल असा ठोकळा ठेवा आणि दोन क्लॅम्पने नेकला आवळा. फ्रेटबोर्डच्या बाजूला फ्रेट दबू नयेत म्हणून चामड्याचा किंवा जाड कापडाचा तुकडा द्या. नळीवर खोलीची खूण करायला चिकटपट्टी गुंडाळा. तुकडा १५ मिलिमीटर असेल तर खूण १५ अधिक ठोकळ्याची जाडी, या अंतरावर.

आता चष्मा लावा, ड्रिल उलट दिशेला ठेवा आणि अगदी सावकाश चालवा. दर दोन-तीन मिलिमीटरला नळी बाहेर काढून भुसा झटका. जळका वास आला की थांबा, नळी थंड होऊ द्या. आम्हाला १५ मिलिमीटर उतरायला अर्धा तास लागला, आणि त्यातला बराच वेळ नुसतं थांबण्यात गेला. बाराव्या मिलिमीटरच्या आसपास दातांनी स्क्रू पकडला आणि तो लाकडाच्या बारीक नळकांड्यासकट फिरत वर आला. तसं झालं नाही तरी खूण येईपर्यंत कापा, मग नोज प्लायरने तुकडा हलवून तोडून घ्या.

खड्डा भरताना लाकडाची रेषा बघा

आता नेकमध्ये साडेआठ मिलिमीटरचा ओबडधोबड खड्डा आहे. मधे खुंटी राहिली असेल तर ती छिन्नीने साफ करा आणि १० मिलिमीटरच्या लाकडाच्या बिटाने खड्डा गोल, सरळ करून घ्या. या बिटाला मधे दोन-तीन मिलिमीटरचं टोक असतं, ते खोलीत धरा. पट्टी लावल्याशिवाय बिट चालवू नका. शक्य असेल तर हे काम उभ्या ड्रिल स्टँडवर करा.

टूथपिक आणि काड्या पेटीच्या काड्या कोंबणं हा उपाय सैल झालेल्या छोट्या भोकाला ठीक आहे. चावीच्या स्क्रूच्या जागी आम्ही तेच केलं. पण १० मिलिमीटरच्या खड्ड्यात आणि ८० किलोच्या ओढ्याखाली तो चालत नाही. इथे कडक लाकडाचं बूच हवं.

बाजारात मिळणाऱ्या गोल दांडीचा तुकडा कापून घालण्याचा मोह होतो. पण त्या दांडीत लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेने धावतात. तिच्यात स्क्रू घातला की तो रेषांच्या मधे, त्यांना फाकवत जातो आणि त्याची पकड कमी असते. गवताच्या जुडीत वरून काठी खुपसल्यासारखं. नेकमध्ये मुळात स्क्रू रेषांना आडवा जातो, म्हणून तो घट्ट धरतो. त्यामुळे बूच असं कापा की रेषा आडव्या राहतील. फळीच्या सपाट अंगातून बूच काढणारा प्लग कटर मिळतो; कुठल्याही फर्निचर करणाऱ्या सुताराकडे १० मिलिमीटरचा असण्याची शक्यता आहे. बीच किंवा शिसव चालेल. सागवान टाळा, त्यात नैसर्गिक तेल असतं आणि डिंक तितका धरत नाही.

बूच आणि खड्डा दोघांनाही लाकडाचा पांढरा डिंक पातळ लावा. बुचाच्या रेषा नेकच्या रेषांच्या दिशेने जुळवा, आत ठोका आणि पूर्ण २४ तास हात लावू नका. पावसाळ्यात ३६ तास द्या. वर आलेला भाग तीक्ष्ण छिन्नीने नेकच्या बरोबरीने तासा. तिथे उंचवटा राहिला तर नेक बॉडीत तिरका बसेल.

नवं भोक, यावेळी बरोबर मापाचं

नेक बॉडीत बसवा, उरलेले तीन स्क्रू हलके लावा, नेक सरळ असल्याची खात्री करा. चौथ्या भोकातून एक स्क्रू सोडून त्याच्या डोक्यावर हलकी टिचकी मारा. बुचावर टोकाची खूण उमटेल, तोच मध्य. नेक पुन्हा काढा.

बिटाचं माप ठरवायला तक्ता लागत नाही. स्क्रू उजेडासमोर धरा आणि त्याच्या पुढे बिट धरा. बिटाने गाभा पूर्ण झाकला पाहिजे आणि दोन्ही बाजूंना फक्त आटे दिसले पाहिजेत. नेक स्क्रूला हे साधारण ३.२ मिलिमीटर येतं. गाभा दिसत असेल तर बिट बारीक आहे, म्हणजे पुन्हा तुटण्याची तयारी.

आणखी एक तपासणी लोक विसरतात. बॉडीतल्या भोकातून स्क्रू नुसत्या हाताने ढकलून आरपार गेला पाहिजे. तिथेही आटे पकडत असतील तर स्क्रू बॉडीलाही धरतो आणि नेकलाही, आणि दोघांमधली फट मिटतच नाही. आपल्याला वाटतं अजून आवळायला हवं, आणि पुन्हा स्क्रू तुटतो. या बासमध्ये तेच होतं. बॉडीची भोकं साडेचार मिलिमीटरची केल्यावर नेक पहिल्यांदाच नीट बसला.

शेवटी मेणबत्ती. स्क्रूचे आटे मेणावर घासा. साबण नको, तो हवेतली ओल ओढतो आणि गंज आणतो. स्क्रू आधी उलटा फिरवा. ‘टक्’ असा हलका खटका जाणवला की तो जुन्या आट्यांत उतरला, मग सरळ फिरवा. हातानेच. इम्पॅक्ट ड्रायव्हर गिटारपासून लांब ठेवा. चारही स्क्रू थोडे थोडे, तिरप्या जोडीने आवळा, चाकाचे नट आवळतो तसे. नवे स्क्रू पितळी घेणार असाल तर आधी त्याच मापाच्या पोलादी स्क्रूने आटे पाडून घ्या, पितळ त्याहून लवकर तुटतं.

कधी हात लावायचा नाही

चावीचा छोटा तुकडा खोल रुतलाय, चावी बाकीच्या तीन स्क्रूंवर घट्ट आहे आणि हलत नाही, तर तो तिथेच राहू द्या. वर थोडा लाकडी भुसा आणि डिंक, काम संपलं. लाकडातलं पोलाद कुणाला चावत नाही. हेडस्टॉकच्या कडेला स्क्रू असेल तर नळी उतरवताना लाकूड उभं फाटू शकतं, तिथे कडेला क्लॅम्प लावल्याशिवाय सुरुवात करू नका.

नेकमध्ये आधीच चीर असेल, किंवा तुकडा तिरका जाऊन ट्रस रॉडकडे वळला असेल, तर कारागिराकडे जा. जाताना वर सांगितलेले फोटो आणि मापं घेऊन जा. ‘स्क्रू तुटलाय’ म्हणण्यापेक्षा ‘१५ मिलिमीटर आत आहे, नेक २५ जाड आहे’ असं सांगितलं की काम आणि खर्च दोन्हीचा अंदाज तिथल्या तिथे मिळतो. सेकंडहँड बास घेणार असाल तर पैसे देण्याआधी मागचे चारही स्क्रू अर्धा फेरा सैल करून परत आवळून बघा. जो नुसताच गरगर फिरतो, तिथे फक्त डोकं असू शकतं.

त्या मुलाची बास आता तारा लावून आठवडाभर सुरात राहिली आहे. चौथा स्क्रू बाकीच्या तिघांइतकाच आवळला जातो. आम्ही उरलेले तीनही जुने स्क्रू बदलले, कारण एक गंजून तुटला होता तर बाकीचेही त्याच पावसाळ्यांतून गेलेले होते.